बिब्ब्याची खूण

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारी वाट वलगावापाशी पेढी नदीला भेटते. नकाशावर बोट फिरवून शोधावी लागेल एवढीच ही नदी. उन्हाळ्यात तिचे पात्र आपलेच दगड मोजीत पडलेले असते आणि आषाढात काळ्या मातीचा गढूळ रंग अंगावर घेऊन ती अचानक प्रौढ होते. या नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी, प्रवासातच, गाडगेबाबांनी देह ठेवला. चिंध्यांच्या त्या महात्म्याचे स्मरण करावे म्हणून मी इथे थांबतो आणि दर वेळी माझ्या मनात हटकून एक विसंगत वस्तू उभी राहते: इंग्रज अमदानीतल्या लष्करी अधिकाऱ्याचा समारंभी गणवेश. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. पुढे लक्षात आले, की यात मनापेक्षा वाटेचा दोष अधिक आहे. हीच वाट पुढे अचलपूरच्या जुन्या छावणीकडे जाते. निजामाच्या नावाने उभी असलेली आणि इंग्रजांच्या हुकमाने चालणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज त्या छावणीत राहत असे, आणि तिच्या अधिकाऱ्यांच्या पत्र्याच्या पेट्या, त्यांत घडी घालून ठेवलेले लाल-सोनेरी कोट, या मुलखाच्या धुळीतूनच वर्षानुवर्षे ये-जा करीत होते. एका मुलखातून दोन वस्त्रे गेली. त्यांचे एकमेकांशी काय नाते असेल, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या भाषेने या प्रश्नाचा एक धागा फार पूर्वीच हाती देऊन ठेवला आहे. गणवेशाला आपण ‘वर्दी’ म्हणतो आणि बातमीलाही वर्दीच म्हणतो. पोलिसांना वर्दी दिली, पाहुणे येत असल्याची वर्दी आली, असे सहज बोलून जाताना या दोन अर्थांचे शेजारपण आपल्या ध्यानात येत नाही. पण अंगावरची वर्दी तरी दुसरे काय करते? माणूस अजून दूर असतो, त्याचा चेहरा दिसलेला नसतो, आवाज ऐकलेला नसतो, आणि त्याचे कापड पुढे धावत येऊन सांगते, की हा कोण आहे, याला किती वाकायचे, याच्यासमोर कोणत्या स्वरात बोलायचे. माणसाच्या आधी पोचलेली त्याची बातमी म्हणजे वर्दी. आणि सगळ्याच बातम्यांप्रमाणे तीही कधी खरी असते, कधी अतिरंजित, तर कधी निव्वळ अफवा.

असा एक कोट मी एका संग्रहालयात काचेआड पाहिला होता. लाल रंग मंदावलेला, तरी अजून मानी. गळपट्टीवर आणि मनगटांवर कलाबतूची नक्षी. खांद्यावर सोनेरी झुपके. आणि या साऱ्या वैभवाच्या मधोमध, जिथे मान असायची तिथे, एक पोकळी. पुतळ्याला डोके नव्हते, त्यामुळे ती पोकळीच पाहणाऱ्याकडे रोखून पाहत होती. त्या लाल रंगाचीही एक उतरंड आहे. ब्रिटिश पायदळातल्या साध्या शिपायाचा लाल दीर्घकाळ मंजिष्ठेच्या मुळांपासून निघे, तर अधिकाऱ्याचा तेजस्वी लाल निघे मेक्सिकोकडच्या निवडुंगावर पोसलेल्या इवल्या किड्यांपासून. दुरून दोघेही लाल. जवळ जावे तसा एकाचा रंग मातीकडे झुकतो आणि दुसऱ्याचा रक्ताकडे. रणांगणावर दोघांचे खरे रक्त एकाच रंगाचे सांडत असणार, हे मात्र त्या रंगाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. किड्यांचा तो चुरा, मेंढ्यांची ती लोकर, तारकशीचे ते सोने, आणि या सगळ्यांनी मिळून उभा केलेला एक ताठ कणा, जो माणूस आत नसतानाही वाकत नाही.

असा गणवेश नोकराशिवाय चढत नाही आणि उतरतही नाही. लोकरीचा भरजरी कोट धुतला जात नसे. तो झटकायचा, ऊन दाखवायचे, कसरीपासून जपायचा. धुतले जाई ते त्याच्या आतले आणि त्याच्या ऐवजी घालायचे सारे पांढरे कापड: सदरे, उन्हाळ्याचे ड्रिलचे डगले, मेजावरच्या चादरी. ते सगळे छावणीच्या परटाकडे जाई. वऱ्हाडात त्याला वरठी म्हणतात. भट्टी, खारी माती, नदीकाठची शिळा, निळीचे पाणी, खळ आणि निखाऱ्यांची इस्त्री यांतून साहेबाचा शुभ्रपणा रोज नव्याने जन्माला येई. शंभर घरांचे कापड एका घाटावर एकत्र येई तेव्हा कोणते कोणाचे हे ओळखायला परीट कोपऱ्यात आपली खूण करी: दोन टिंबे, एक रेघ, एखादी फुली. ती खूण असे बिब्ब्याच्या रसाची. मेळघाटच्या रानात वाढणारे हे झाड. त्याच्या काळ्या फळातला रस चुन्याबरोबर कापडावर बसला, की पाणी, साबण, भट्टी, शिळेवरची आपट यांपैकी कशालाही तो दाद देत नाही. इंग्रजांनीही या फळाला खूण करायचे फळ असेच नाव दिले.

या बारीक गोष्टीत मला फार मोठे काही दडलेले वाटते. सोन्याची जर मिरवायला बाहेर असते आणि बिब्ब्याची खूण आत, शिवणीच्या कडेला, स्वतः मालकालाही सहसा न दिसणारी. जर काळवंडते, खूण काळीच जन्मते, म्हणून तिला काळवंडायची भीती नाही. जरीचा कोट कातडीला कधी शिवत नाही, अंगाला शिवतो तो आतला सदरा, म्हणजेच जो परटाने धुतला आणि खूण करून परत दिला तो. साम्राज्याच्या त्या सर्व वैभवाच्या खाली, घामाने भिजणाऱ्या उघड्या माणसाला प्रत्यक्ष टेकलेली लिपी एका निरक्षर हाताची होती.

आणि तो माणूस? त्या पोकळ गळपट्टीत कोणाचा चेहरा बसवावा असे मनात येते तेव्हा मला फिलिप मेडोज टेलर आठवतो. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा १८२४ मध्ये, पंधरा-सोळाव्या वर्षी, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी करायला आला. इथे पाहतो तो व्यापाऱ्याचेच तारू बुडण्याच्या बेतात. मग ओळखीपाळखीने निजामाच्या फौजेत अधिकारी म्हणून त्याची वर्णी लागली. हाती हिशेबाची वही येणार होती, तिथे तलवार आली. पेढीच्या काळ्या कोटाऐवजी अंगावर लष्करी कोट चढला. माणसाचे आयुष्य कोणत्या खुंटीवर टांगलेल्या कोणत्या वस्त्राची वाट पाहत असते, हे त्याला स्वतःला कुठे ठाऊक असते! पण ही वर्दीही पूर्ण मानाची नव्हती. कंपनी सरकारचा थेट अधिकारी वेगळा आणि निजामाच्या पदरचा ‘स्थानिक’ अधिकारी वेगळा. एकाच मेजावर जेवणाऱ्यांतही अशी एक अदृश्य पंगत मांडलेली असे. जातीची उतरंड पाहून नाक मुरडणाऱ्या त्या समाजाने आपली उतरंड सोनेरी दोऱ्याने खांद्यावर भरून घेतली होती, इतकेच.

टेलर इथल्या भाषा शिकला, सुरपूरच्या लहानग्या राजाचा पालक झाला, तुळजापूरच्या एका ब्राह्मण मुलीला नायिका करून ‘तारा’ ही कादंबरी लिहिता झाला. १८५७च्या वणव्यात त्याच्याकडे वऱ्हाडातला बुलढाणा जिल्हा होता आणि जवळ फौज नव्हती. तरी जिल्हा शांत राहिला. मला त्याच्या आयुष्यातला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. वर्दीच्या मागे उभ्या असणाऱ्या संगिनी काढून घेतल्यावर जे उरले, ते त्या माणसाचे स्वतःचे वजन होते: लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची सवय आणि शब्द पाळण्याची कीर्ती. अर्थात हे वजनही त्याने परक्या सत्तेच्याच पारड्यात टाकले, हे विसरून चालणार नाही. चांगला माणूस वाईट व्यवस्थेला जितका बळकट करतो तितका वाईट माणूस कधीच करू शकत नाही. त्याच्या चांगुलपणाची जर तिच्या कोटावर चढते आणि कोट अधिकच झळाळतो. वार्धक्यात टेलरची दृष्टी गेली. तशाही अवस्थेत तो १८७५ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात येऊन गेला आणि परतीच्या वाटेवर, मे १८७६ मध्ये, फ्रान्सच्या समुद्रकाठी मेंतों येथे वारला. डोळे गेलेल्या माणसाला रंग उरत नाहीत. वस्त्र त्याच्यापुरते केवळ स्पर्श होते. परटाची बोटे आणि आंधळ्याची बोटे कापडाला कदाचित सारख्याच प्रामाणिकपणे ओळखत असतील.

टेलरची पत्नी मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी. या पामरची पेढी निजामाला फौजेच्या पगारासाठी जबर व्याजाने कर्ज देत असे. फौज निजामाची, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा आणि व्याज पेढीचे, असा तो चमत्कारिक प्रपंच होता. पेढी बुडाली तरी खर्च बुडाला नाही; थकबाकी वाढत गेली आणि अखेर १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. इतिहासाच्या पुस्तकात ही चार ओळींची गोष्ट आहे. पण तिच्याकडे वस्त्राच्या बाजूने पाहिले, की अंगावर काटा येतो: एका फौजेच्या गणवेशांचे, घोड्यांचे आणि पगारांचे बिल म्हणून एक अख्खा प्रांत, त्याच्या काळ्या मातीसह, त्याच्या कापसासह, गहाण पडला. ज्या वऱ्हाडाने जगाला कापूस पुरवला त्याच वऱ्हाडाला दुसऱ्याच्या कपड्यांचे देणे फेडावे लागले.

तेव्हापासून मला प्रत्येक गणवेश हे एक कर्जखत वाटू लागले आहे. न्यायाधीशाचा झगा, डॉक्टरांचा पांढरा डगला, संन्याशाची छाटी, शिपायाचा पट्टा, कोणतीही वर्दी घ्या. ती अंगावर चढते तेव्हा समाज आपला विश्वास, आपले भय, आपला आदर आगाऊ मोजून देतो. माणसाने तो अजून कमावलेला नसतो. तो उचल घेतो आणि आयुष्यभर फेडतो, किंवा फेडत नाही. जो फेडत नाही त्याची जमीन जात नाही. जाते ती दुसऱ्या कोणाची तरी.

ज्या वर्षी टेलर गेला त्याच १८७६ मध्ये, २३ फेब्रुवारीला, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी डेबूजी झिंगराजी जानोरकर या मुलाचा, म्हणजेच पुढच्या गाडगेबाबांचा, जन्म झाला. जन्माने परीट. अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाला अपरिचित नाही: १८०३च्या डिसेंबरात गाविलगड पडल्यावर शिंद्यांनी ज्या तहावर सही केली तो इथलाच. समोर होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन; आणि गंमत अशी, की भरजरी सेनापतींच्या त्या युगात हा माणूस पुढे युरोपच्या रणभूमीवर साध्या निळ्या कोटात वावरण्याबद्दल प्रसिद्ध झाला. अधिकार शिगेला पोचला, की त्याला वर्दीची गरज उरत नाही. साधेपणा हीच त्याची सर्वांत महाग वर्दी होते. पण साधेपणा आणि चिंधी यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर चालून जायला वेलिंग्टनच्या नव्हे, डेबूजीच्या पायांची गरज होती.

वडील दारूपायी लवकर गेले, मुलगा आईबरोबर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आजोळी वाढला, गुरे राखली, शेत कसले, आणि मामाची जमीन सावकाराच्या कागदात गुंतलेली पाहिली. म्हणजे वऱ्हाडाने एक प्रांत म्हणून जे भोगले तेच या घराने वावर म्हणून भोगले. १९०५ मध्ये डेबूजीने घर सोडले. मग हळूहळू त्याच्या अंगावर तो पोशाख चढला, जो पुढे सारा महाराष्ट्र ओळखू लागला: रंगीबेरंगी ठिगळांचे एक वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, पायांत दोन वेगळ्या जोड्यांतले दोन वेगळे जोडे, हातात खराटा आणि डोक्यावर मातीच्या गाडग्याचा तुकडा, ज्यात भाकरही खायची आणि पाणीही प्यायचे.

या वेशाकडे आपण केवळ विरक्ती म्हणून पाहतो. मला त्यात एका कुशल शिंप्याची योजकता दिसते. समारंभी गणवेशाचा एकेक अवयव जणू समोर ठेवून हा बेतलेला आहे. तिथे एकच रंग, इथे सगळे. तिथे मापात शिवलेले, इथे कोणाच्याच मापाचे नाही. तिथे छातीवर पदके, इथे कानात कवडी. तिथे शिरस्त्राण, इथे खापर. तिथे तलवार, इथे खराटा. तिथले प्रत्येक चिन्ह सांगते, की हा कोणाहून वर आहे. इथले प्रत्येक चिन्ह दुसऱ्याने टाकून दिलेले आहे, म्हणून ते सांगते, की हा कोणाचा नाही आणि सगळ्यांचा आहे. परीट शेकडो घरांची वस्त्रे हाताळतो आणि त्यांतले एकही आपले मानत नाही. सांभाळायचे, उजळायचे आणि ज्याचे त्याला परत करायचे, हा त्याचा धर्म. पुढे या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या, लाखो रुपये त्याच्या शब्दावर जमले, आणि त्यांतली एकही वीट त्याने स्वतःच्या किंवा घराच्या नावावर ठेवली नाही. वैराग्य त्याला कोणत्या पोथीतून मिळाले असेल, याचा शोध मला अनावश्यक वाटतो. ते त्याला घाटावर मिळाले. आपल्याकडे शिवणारा नामदेव झाला, विणणारा कबीर झाला. धुणारा यायचा राहिला होता, तो वऱ्हाडात आला.

परंतु चिंधीचे हे सौंदर्य गाताना एका जागी थबकले पाहिजे. ज्यांच्या अंगावर शतकानुशतके चिंधी लादली गेली त्यांनी गणवेशाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल? बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्या वर्दीने त्यांना शाळा दिली, मान दिला, मुलांसाठी पुस्तके घ्यायची उमेद दिली. १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांना सरकारकडे अर्ज करावे लागले. त्या अर्जांचा अर्थ पगारापुरता नव्हता. जात हीदेखील एक वर्दीच होती, जन्माआधी शिवून ठेवलेली, जी माणसाच्या पुढे धावत जाऊन त्याची बातमी देत होती. लष्करी कोट हे ती झाकणारे एकमेव वस्त्र होते. म्हणूनच १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की जात ओळखू येईल अशी लुगडी नेसू नका, तसले दागिने घालू नका. त्यांच्या स्वतःच्या सुटाबुटाकडे मी याच प्रकाशात पाहतो. एकाने उत्तम वस्त्र नेसून जुन्या वर्दीची बातमी खोटी पाडली, दुसऱ्याने सगळी वस्त्रे उतरवून बातमी देण्याचा धंदाच बंद पाडला. सूट आणि चिंधी एकमेकांसमोर बसली, तेव्हा त्यांना एकमेकांची भाषा समजली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली, तो व्यवहार मला दोन वस्त्रांमधला करार वाटतो.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. गाडगेबाबांच्या लोकसेवेचा आरंभ तिथल्या घाटापासून झाला. ऋणमोचन, म्हणजे देण्यातून सुटका. ज्या प्रांताला कपड्यांच्या कर्जापायी परक्यांकडे गहाण पडावे लागले, त्याच प्रांतातल्या एका परटाने ऋणमोचनाच्या घाटावर आपले काम मांडले, याला योगायोग म्हणून मी सोडून देऊ शकत नाही आणि संकेत म्हणून मिरवूही धजत नाही. एवढेच वाटते, की ज्याने समाजाकडून वस्त्राची उचलच घेतली नाही, त्याला समाजाला काहीही सांगण्याचा अधिकार आपोआप मिळतो. सावकार त्याच्या दाराशी येऊ शकत नाही. त्याला दारच नसते.

पुढे सैन्याचे लाल-सोनेरी कोट पेटीत गेले आणि खाकी आली. १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या गाइड्स या पलटणीपासून तिची चाल सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत रणभूमीवरचे जवळजवळ सगळे इंग्रज सैन्य तिच्यात विरघळून गेले. खाक म्हणजे धूळ. बंदुकांचा पल्ला वाढला तेव्हा चमकणारा माणूस आधी मरू लागला, आणि साम्राज्याला धुळीचा रंग नेसावा लागला. संत सांगून थकले ते गोळीने एका पिढीत पटवले. त्याच धुळीत उतरून गाडगेबाबा गावोगाव खराटा चालवीत होते. आणि हेही विलक्षणच, की त्यांच्या अखेरच्या दिवसांतले ते गाजलेले कीर्तन, नोव्हेंबर १९५६ मधले, मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर झाले. समोर रांगेने धुळीचा रंग नेसलेली माणसे, आणि पुढ्यात उभा ठिगळांचा म्हातारा, प्रश्न विचारणारा, उत्तरे वदवून घेणारा, देव कुठे आहे ते दाखवा म्हणणारा. त्या रात्री कोणाची वर्दी कोणाला बातमी देत होती, हे ठरवणे मला तरी अवघड जाते.

डिसेंबरच्या सहा तारखेला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी पेढीच्या पुलावर हाही प्रवास थांबला.

पुलाच्या कठड्याला टेकून मी खाली पाहतो तेव्हा तो बिनडोक्याचा कोट पुन्हा एकदा आठवतो. आता मला त्याचा राग येत नाही आणि त्याच्याविषयी आकर्षणही उरलेले नाही. एखाद्या न फेडलेल्या हुंडीकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहवते. ‘बिब्बा घालणे’ म्हणजे काम नासवणे, असे आपण म्हणतो. परटाच्या हातातला बिब्बा मात्र उलटे काम करीत होता: कापड कोणाचेही असो, ते एका हातातून दुसऱ्या हातात नुसते चालले आहे, एवढी आठवण तो शिवणीच्या आत करून ठेवीत होता. तेव्हा वाचकहो, आपल्याही अंगावर कोणती ना कोणती वर्दी असेलच. कधी निवांतपणी ती उलटी करून शिवण तपासून पाहा. जर झडून जाते, रंग उतरतो, बिरुदे गळतात. बिब्ब्याची खूण कापड विरेपर्यंत जात नाही.